कोजागिरी उलटली की टाच का धरते: परतून येणाऱ्या दुखण्याचा माग

सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की टाचेत खिळा घुसावा तशी कळ येते. मग भिंतीला धरत, चवड्यांवर तोल सावरत न्हाणीघर गाठायचं. वीस-पंचवीस पावलं झाली की टाच सैलावते, चहा उकळेपर्यंत विसरायलाही होतं. दुपारी तासभर बसून उठलं की परत पहिले पाढे पंचावन्न.

हे दुखणं मला लागोपाठ तीन वर्षं झालं. दर वेळी मलम, गोळ्या, मऊ चप्पल. दर वेळी होळीच्या आसपास ते गेलं आणि "गेली एकदाची ब्याद" म्हणत मी सगळं सोडून दिलं. मी डॉक्टर नाही. बडोद्यातल्या एका शाळेत शिकवते, म्हणजे दिवसाचे पाच तास कोटा फरशीवर उभी असते. दोष मी त्या फरशीला देत होते. तिसऱ्या वर्षी एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. त्यांनी पाय बघण्याआधीच विचारलं, "सुरू कधी झालं?" मला सांगता येईना. घरी येऊन जुन्या दिनदर्शिका काढल्या. दुधाचा हिशोब आणि गॅसच्या तारखांच्या मध्ये माझ्याच अक्षरात "टाच" असं तीन ठिकाणी लिहिलेलं सापडलं. एकदा अष्टमीला, एकदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, एकदा कोजागिरीला.

बडोद्याच्या माणसाला पुढचं सांगायलाच नको. बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडचा गरबा मातीच्या मैदानावर असतो आणि अनवाणी असतो. मधोमध देवी असते, त्यामुळे चपला कडेला. नऊ रात्री, रोज दोन-तीन तास, वर शरद पुनमेची, म्हणजे कोजागिरीची, एक रात्र. आणि त्याआधीचे तीन-चार महिने काय? पावसाळा. कमाटीबागेतलं सकाळचं चालणं चिखलामुळे बंद, शाळेत जाणं-येणं स्कूटरवर. एरवी माझा मोबाईल दिवसाला सहा-सात हजार पावलं मोजतो. नवरात्रात शाळा धरून वीस हजारांच्या वर जातो, तीही गिरक्या आणि उड्यांसकट. चार महिने गोठ्यात बांधलेल्या बैलाला एके सकाळी थेट नांगराला जुंपावं, तसला हा प्रकार. फरशी वर्षभर तीच होती. बदलत होतं ते पायावरचं ओझं, आणि तेही एका रात्रीत.

पंजाने नको, एका बोटाने दाखवा

"टाच दुखते" म्हणणाऱ्याला मी आता एवढंच म्हणते, एका बोटाने जागा दाखवा आणि दिवसात सगळ्यात जास्त कधी दुखतं ते सांगा. या दोन उत्तरांत अर्धं निदान असतं. बरेच उपाय फुकट जातात ते यामुळेच, की दुखणं एक आणि औषध शेजारच्या दुखण्याचं.

बोट टाचेच्या तळाला, जरा पुढे आणि आतल्या बाजूला गेलं आणि पहिली पावलं सगळ्यात वाईट असली, तर बहुधा प्लांटर फॅसायटिस. टाचेच्या हाडापासून बोटांच्या बुडापर्यंत तळव्याखालून एक जाड, चिवट पट्टा जातो. धनुष्याला दोरी असते तशी पायाच्या कमानीला ही दोरी. रात्री पाय सैल पडलेला असताना ती आखडते आणि सकाळी पहिल्या पावलाला एकदम ताणली जाते. घरच्या घरी बघायचं तर दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या आणि अंगठा नडगीकडे ओढा. तळव्यात आतल्या बाजूने एक ताठ कडा हाताला लागेल. ती टाचेला जिथे मिळते तिथे दाबा. माझ्या तोंडून अशी हाक गेली की आतल्या खोलीतून सासूबाई बाहेर आल्या.

नावातल्या "आयटिस"मुळे वाटतं की इथे सूज आहे आणि सुजेच्या गोळीने काम व्हावं. दीर्घकाळच्या दुखण्यात मात्र तो पट्टा सुजलेला कमी आणि झिजून जाडावलेला जास्त असतो. गोळी चार दिवस कळ दाबते, पट्टा आहे तसाच राहतो.

शेजारच्या काकूंची टाचही दुखते. त्यांचं बोट मात्र टाचेच्या अगदी मधोमध जातं, सकाळी त्या ठणठणीत असतात आणि संध्याकाळी टाइल्सवर पाय टेकवत नाही. ते दुखणं वेगळं. टाचेखाली चरबीची गादी असते, लहान लहान कप्प्यांत भरलेली, आणि वयाबरोबर ती विरते. ताणाच्या व्यायामाने काकूंना काही फायदा झाला नाही, होणारही नव्हता. टाचेखाली कपासारखी बसणारी सिलिकॉनची गादी आणि घरातही चप्पल, एवढ्यावर त्यांचं काम भागलं.

बोट टाचेच्या मागे, बुटाची कड लागते तिथे किंवा त्याच्या चार-पाच सेंटिमीटर वर गेलं तर गोष्ट अकिलीस टेंडनची, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या जाड दोरीची. पावागढच्या डोंगराच्या पायऱ्या एका दमात चढून आलेल्यांची ही नेहमीची तक्रार. याच जागी खेळताना "मागून कुणीतरी लाथ मारली" असं वाटून मागे वळून पाहिलं आणि मागे कुणीच नसलं, तर दोरी तुटली असण्याची शक्यता असते. पालथं झोपवून पोटरी दाबली की निरोगी पायाचा पंजा आपोआप खाली झुकतो. तुटलेल्या बाजूचा जवळजवळ हलत नाही. असं दिसलं तर मलम-पट्टीत वेळ न घालवता त्याच दिवशी दवाखाना.

तळव्यात जळजळ, मुंग्या, रात्री जास्त: ही नसेची भाषा. घोट्याच्या आतल्या हाडामागे टिचकी मारल्यावर तळव्यात झिणझिण उतरली तर तिथे नस दाबली जात असेल. दोन्ही पाय सारखेच जळत असतील तर आधी साखर आणि बी-१२ तपासून घ्या.

एक जागा अशी आहे जिच्याबद्दल मी थोडी धास्तावलेलीच असते. दोन्ही तळहातांनी टाच दोन्ही कडांनी, म्हणजे डावी-उजवीकडून, दाबून बघा. खालून दाबल्यापेक्षा असं दाबल्यावर जास्त दुखलं, आणि पाय टेकवला की दुखणं वाढतच जात असलं, रात्रीही ठणकत असलं, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. स्ट्रेस फ्रॅक्चर. ते टाचेत होतं तसं चवड्याकडच्या लांब हाडांतही होतं. पूर्वी लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या पायात दिसायचं, म्हणून त्याला मार्च फ्रॅक्चर म्हणतात. १८५५ साली प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या सर्जनने त्याचं वर्णन केलं होतं. आमच्या घरात कूच करणारं कुणी नाही, पण भाची आहे. श्रावणापासून गरब्याच्या क्लासला रोज दोन तास जायची. दुसऱ्या बोटाच्या रेषेत पावलावर सूज आली, एक्स-रे काढला, "काही नाही" म्हणाले. तीन आठवड्यांनी परत काढला तेव्हा हाडाभोवती नवं हाड धरलेलं दिसलं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अशी चीर एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही. तेव्हा एक्स-रे स्वच्छ आणि बोट ठेवलं की एकाच हाडावर दुखतं, असं असेल तर एक्स-रेवर नाही, बोटावर विश्वास ठेवा. चोळायचं तर अजिबात नाही.

आणखी एक. पंचविशीतल्या मुलाच्या दोन्ही टाचा दुखतात, सकाळी कंबरही तासभर आखडलेली असते आणि हिंडल्यावर मोकळी होते, अशी जोडगोळी दिसली तर तो पायाचा प्रश्न नसतो. मणक्याच्या संधिवाताची ती सुरुवात असू शकते. सांध्यांच्या डॉक्टरांकडे, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, पाठवा.

"हाड वाढलंय"

दुसऱ्या वर्षी एका ठिकाणी एक्स-रे काढला. टाचेखाली पुढे आलेलं टोक दाखवून मला सांगण्यात आलं, की हाड वाढलंय, ते टोचतंय, फार झालं तर कापून काढू. मी आठवडाभर टाच टेकवायला घाबरत होते. हे टोक, ज्याला टाचेचा काटा म्हणतात, ते अगणित लोकांच्या पायात असतं आणि त्यातल्या कित्येकांना आयुष्यभर काही होत नाही. उलट, सणकून टाच दुखणाऱ्या कितीतरी जणांच्या एक्स-रेत काटाच नसतो. शिवाय तो खाली जमिनीकडे नव्हे, पुढे बोटांच्या दिशेने वाढतो. माझा काटा आजही आहे तिथेच आहे. दुखत नाही.

जे करून पाहिलं आणि जे लागू पडलं

वीट गरम करायची, तिच्यावर रुईचं पान ठेवायचं आणि टाच शेकायची, हा सासूबाईंचा उपाय. शेकल्याने पोटरी-तळवा सैल होतो, बरं वाटतं, त्यात खोटं काही नाही. दोन अटी: रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, आणि मधुमेह असलेल्याच्या पायाला वीट लावू नका. त्याला चटका बसलेला कळतच नाही. मला स्वतःला बर्फाच्या बाटलीने जास्त आराम पडला. पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवायची आणि वह्या तपासता तपासता तळव्याखाली दहा मिनिटं घोळवायची.

स्टेरॉइडचं इंजेक्शन मी घेतलं नाही. घेतलेल्या माझ्या जावेला सहा आठवडे स्वर्ग दिसला, मग पूर्ववत. आराम खरा असतो पण अल्पकाळाचा, आणि पट्टा फाटण्याचा किंवा चरबीची गादी विरण्याचा धोका असतो. फार अडलं असेल, तेव्हा डॉक्टरांशी नीट बोलून ठरवायची गोष्ट आहे ती. आराम पडला म्हणून दुसऱ्या दिवशी गरब्याला जायची सोय नव्हे. जाऊबाई गेल्या होत्या.

मला जे लागू पडलं ते तीन भागांत होतं आणि तिन्ही कंटाळवाणे आहेत.

पहिला, पलंगावरच करायचा. पहिलं पाऊल टाकायच्या आधी दुखरा पाय मांडीवर घेऊन बोटं नडगीकडे ओढायची, दहा सेकंद धरायची, सोडायची. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पट्ट्याला पहिल्या पावलाचा हिसका बसायच्या आत आपणच तो हलकेच ताणून घेतो. घाईची लघवी लागली असेल तरी दोन-तीनदा तरी करा. दुपारी बसून उठण्याआधीही हेच. मी तास संपल्याची घंटा वाजायच्या आत टेबलाखाली करायचे. पहिल्या बाकावरच्या मुलींना वाटायचं बाई पायातला काटा काढतायत.

दुसरा, पोटरीचा. भिंतीला हात लावून एक पाय मागे, टाच जमिनीला टेकलेली, तीस सेकंद. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा थोडा वाकवून, कारण पोटरीत दोन थर असतात आणि खालच्या थराला ताण मिळतो तो गुडघा वाकल्यावरच. फिजिओबाईंनी माझा पंजा वर उचलून बघितला तर तो काटकोनाच्या पुढे जेमतेम जात होता. वर्षानुवर्षं थोड्या टाचेच्या सँडल वापरल्या की पोटरी आखूड होते. आखूड पोटरीचा भार प्रत्येक पावलाला तळव्यावर पडतो. टाच रडते, पण चिमटा पोटरीचा असतो.

तिसरा भाग मी तीन वर्षं केलाच नव्हता, आणि माझ्या मते दुखणं परतून येण्याचं गुपित इथेच आहे. ताकद. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१४ साली या व्यायामाची तुलना नुसत्या ताणाशी केली होती. तीन महिन्यांनी ताकदीचा गट पुढे होता, वर्षाअखेरीला दोघे जवळपास सारखे. म्हणजे जादू नाही, पण लवकर उठवतो. जिन्याच्या पायरीच्या कडेवर दुखऱ्या पायाचा चवडा ठेवायचा आणि बोटांखाली टॉवेलची गुंडाळी घालायची, म्हणजे बोटं वर उचललेली राहतात आणि पट्टा ताणलेला राहतो. कठड्याला धरून तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. सुरुवातीला बारा वेळा. एक दिवसाआड. एका पायावर झेपत नसेल तर दोन्ही पायांवर सुरू करा. दोन आठवड्यांनी पाठीवर दप्तर, त्यात पुस्तकं, आणि वेळा दहावर आणायच्या. पुढे वजन वाढवून आठ. माझ्या दप्तरात शेवटी नववीच्या सगळ्या उत्तरपत्रिका होत्या.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं. कसोटी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पावलाची. कालच्यापेक्षा कळ वाढलेली असेल तर काल जास्त झालं, वजन कमी करा. आणि धीर धरा. हे दुखणं दिवसांत मोजायचं नाही, महिन्यांत मोजायचं. बहुतेकांचं शस्त्रक्रियेशिवायच जातं, पण सहा महिने ते वर्ष सहज घेतं. मला पहिले पाच आठवडे काहीच फरक दिसला नाही. सहाव्या आठवड्यात एके सकाळी न्हाणीघरात पोचल्यावर लक्षात आलं, की आज भिंतीला हात लावला नाही.

चपलेबद्दल. आपल्या घरांत अनवाणी वावरायचं, त्यात स्वयंपाकघरात चप्पल म्हणजे भांडणच. मी एक जोड वेगळा ठेवला, जो उंबरठ्याबाहेर कधी जात नाही, आणि सासूबाईंना तो स्वच्छ असल्याचं रोज दाखवत राहिले. सूक्ष्म छिद्रांच्या रबराच्या, एमसीआर म्हणतात त्या चपला पायाच्या दवाखान्यांजवळच्या दुकानांत मिळतात. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांसाठी हे रबर आपल्या देशात वापरात आलं, म्हणजे पाय जपण्याचं त्याचं शिक्षण कडक झालेलं आहे. फार मऊ, पाय रुतणारी चप्पल मात्र दुकानात छान वाटते आणि महिन्यात चपटी होते. चप्पल मधोमध दुमडली तर ती तुमच्या कामाची नाही. बोटांपाशी वाकली पाहिजे.

टाचेशिवाय नवरात्रात येणारी बाकीची मंडळी

पाय मुरगळला की आमच्याकडे तालमीतल्या वस्तादांकडे नेऊन चोळून घ्यायची जुनी रीत. चोळण्याआधी एवढं बघा. १९९२ साली कॅनडातल्या ओटावामध्ये एक्स-रे कधी लागतो याचे साधे नियम तयार झाले आणि ते आजही वापरतात. मुरगळल्यावर लगेच आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या आतल्या-बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर, टोकापासून सहा सेंटिमीटर वरपर्यंत दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे. पावलाच्या बाहेरच्या कडेवर करंगळीच्या रेषेत जो उंचवटा असतो तो, आणि आतल्या बाजूला कमानीच्या माथ्यावरचं हाड, यांवर दुखलं तरी एक्स-रे. यातलं काही नसेल तर पट्टी, बर्फ, पाय उशीवर, आणि दोन-तीन दिवसांत हळूहळू चालणं. पाय बधिर असलेल्यांनी किंवा लहान मुलांसाठी या नियमांवर विसंबू नये.

तोच घोटा दर वर्षी मुरगळतो, त्याचं कारण लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा, ताणलं गेल्याबरोबर घोट्याची तोल ओळखायची अक्कलही कमी होते. दात घासताना एका पायावर उभं राहणं, आधी डोळे उघडे, मग भिंत जवळ असताना मिटून, हा त्यावरचा स्वस्त उपाय. माझा भाचा हसायचा, मग त्याचा पाय तिसऱ्यांदा मुरगळला.

चवड्यात, तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मध्ये, मोज्यात खडा गेल्यासारखं वाटतं आणि काढून बघितलं तर खडा नसतो: अरुंद चपला सोडा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. अंगठ्याच्या बुडाशी एका रात्रीत लाल, तापलेली, चादरही सहन न होणारी सूज: युरिक ॲसिडचा गाऊट, डॉक्टर.

कुरूप आणि तळव्यावरची चामखीळ यांत लोक फार गोंधळतात. सरळ दाबल्यावर दुखतं ते कुरूप, चिमटीत दोन्ही बाजूंनी दाबल्यावर जास्त दुखते ती चामखीळ. चामखिळीत काळे ठिपके दिसतात आणि त्वचेच्या रेषा तिच्यापाशी तुटतात. कुरूप ब्लेडने कापून काढणारे शूर लोक माझ्या माहितीत आहेत. ते दर वर्षी कापतात, कारण दाब देणारी चप्पल बदलत नाहीत.

मधुमेह असेल तर वरचे घरगुती उपाय तुमच्यासाठी नाहीत. कुरुपाच्या औषधी पट्ट्यांत सॅलिसिलिक ॲसिड असतं, ते चांगली कातडीही खातं. गरम पाण्यात पाय घालण्याआधी कोपराने पाणी बघा. रोज रात्री तळव्याखाली आरसा धरून बघा, दिसत नसेल तर घरच्यांना बघायला सांगा. पाय लाल, गरम, सुजलेला आहे आणि दुखत मात्र नाही, असं दिसलं तर न दुखणं ही चांगली खूण समजू नका. भार टाकणं बंद करून त्याच दिवशी दाखवा. आणि अनवाणी गरबा नाही. देवीला मनातून नमस्कार पोचतो.

या वर्षी

आषाढी एकादशीला उपवासाबरोबर पायरीवरचा व्यायामही सुरू केला. श्रावणात पाऊस असला तरी शाळेच्या व्हरांड्यात रोज अर्धा तास चालले. भाद्रपदात, गणपती उठल्यावर, घरच्या गच्चीवर पंधरा मिनिटं अनवाणी हींच (गरब्याचाच एक प्रकार), मग वीस, मग तीस, दर तिसऱ्या दिवशी. नवरात्रात नऊऐवजी पाच रात्री खेळले, मधल्या रात्री कडेला बसून टाळ्या आणि सेव-उसळ. मैदानात उतरण्याआधी भिंत नव्हती, म्हणून पोटरी ताणायला जावेच्या खांद्याला धरलं. दसऱ्यानंतर दोन सकाळी टाचेने हलकी आठवण करून दिली, तिसऱ्या दिवशी नाही. कोजागिरी होऊन आता सतरा दिवस झाले. दिनदर्शिकेवर दुधाचा हिशोब आहे, गॅसची तारीख आहे. दप्तर पायरीजवळच ठेवलंय, उद्या व्यायामाचा दिवस आहे.